जिभेला गज लावता येतो का?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, दशलक्षण पर्वातील ‘उत्तम संयम’ दिनी केलेले भाषण)



मी पंडित नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेला व्यापारी, एवढीच माझी ओळख. संयमावर बोलण्याचा माझा अधिकार इतकाच, की मोजणे हा माझा व्यवसाय आहे आणि संयमाच्या परीक्षेत मी एकदा सपशेल अनुत्तीर्ण झालो आहे.

मला मधुमेह आहे. गेल्या वर्षी पर्वाचे दहाही दिवस मी एकभुक्त केले. क्षमावाणीच्या दिवशी याच सभागृहात माझे कौतुक झाले आणि मी ते आनंदाने स्वीकारले. त्यानंतर महिन्याभराने रक्त तपासले, तर साखर पूर्वीपेक्षा वाढलेली! डॉक्टरांनी शांतपणे विचारले, “शेठजी, उपवास खरा, की अहवाल खरा?” मी निरुत्तर झालो. कारण पारण्यापासून पुढे रोज दुकानात चहाबरोबर पेढा येत होता आणि घरी ते कोणाला ठाऊक नव्हते.

माझी नात मानसशास्त्र शिकते. तिने एक प्रश्नावली आणली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डॉ. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी सॅम्युएल मेसिक यांच्यासह 1985 साली ती प्रसिद्ध केली. तीत एकूण 51 प्रश्न आहेत आणि ते माणसाच्या खाण्यामागील मनाच्या तीन बाजू मोजतात. 21 प्रश्न जाणीवपूर्वक ठेवलेल्या नियंत्रणाचे, 16 प्रश्न नियंत्रण सुटण्याचे आणि 14 प्रश्न भुकेच्या जाणिवेचे. पहिल्याच प्रश्नात मांसाच्या वासाचा उल्लेख आहे. नातीने तेथे ‘गरम जिलबी’ असे वाचले आणि हसून म्हणाली, “आजोबा, शब्द बदलला की माप थोडे बदलते बरं का.” हे मला लगेच पटले. होजिअरीचे कापड ताणून मोजले तर जास्त भरते, हे कोणत्या कापडवाल्याला सांगावे लागेल?

उत्तरे भरली. नियंत्रणाचे गुण उत्तम आले, म्हणून मी सुखावलो. पण नियंत्रण सुटण्याचे गुणही तितकेच भरले. माझी समजूत अशी, की एक तागा वाढला की दुसरा आपोआप कमी होतो. तसे नाही. हे दोन वेगळे तागे आहेत. एकाच माणसात कडक संयम आणि सैल जीभ सुखाने एकत्र नांदू शकतात.

नातीने मग एक जुना प्रयोग सांगितला. 1975 साली अमेरिकेत काही महाविद्यालयीन तरुणींना चव पारखण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम दिले. त्यापूर्वी काहींना मिल्कशेक पाजले होते, काहींना नाही. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवीत नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. पण ज्या सदैव बंधनात राहत, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट अधिक खाल्ले. ‘नियम मोडलाच आहे, मग आता काय राखायचे?’ अशी ही मनाची चाल. बंधुभगिनींनो, माझा पहिला पेढा हा त्या मिल्कशेकचाच भाऊ होता.

पुढे 1991 साली जर्मन संशोधक वेस्टेनहोफर यांनी नियंत्रणाचेही दोन प्रकार दाखवले, ताठर आणि लवचीक. ‘सर्व किंवा काहीच नाही’ अशा ताठर नियंत्रणाबरोबर ताबा सुटण्याची प्रवृत्ती अधिक आढळली, तर बेताने घेणाऱ्या लवचीक नियंत्रणाबरोबर ती कमी आढळली.

हे ऐकताना मला तत्त्वार्थसूत्रातील बाह्य तप आठवले. सहांपैकी पहिली चार तपे आहाराशी निगडित आहेत: अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान आणि रसपरित्याग. आपण कौतुक करतो ते बहुधा अनशनाचे, कारण उपवास मोजता येतात आणि फलकावर लिहिता येतात. अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे. पुरुषाचा पूर्ण आहार 32 घासांचा मानला आहे. त्यात एक घास जरी कमी केला, तरी ते तप होते. तो एक न घेतलेला घास कोणत्या फलकावर लिहिणार? त्याचा सत्कार होत नाही, म्हणून आम्ही तिकडे वळत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. प्रश्नावलीची उत्तरे मीच दिली होती, म्हणजे गज माझाच आणि कापडही माझेच. त्यामुळे मी सौभाग्यवतींना सांगितले, “माझ्याविषयी तुम्ही भरा.” त्यांनी भरलेल्या कागदावर नियंत्रणाचे गुण बरेच कमी निघाले. मी चकित झालो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “सदऱ्याच्या खिशाला वेलचीचा वास येतो हो. धुते कोण?” पेढ्याची वार्ता घरात पहिल्यापासून होती. फसलो होतो तो मी एकटाच!

तेव्हा ही मापे निरुपयोगी आहेत का? मुळीच नाहीत. कुठे सूत सुटले आहे ते ती दाखवतात. पण घास कोणत्या भावनेने सोडला, कर्मनिर्जरेसाठी, वजनाच्या भीतीने की टाळ्यांसाठी, हे त्या 51 प्रश्नांना कळत नाही. ते ज्याचे त्यानेच, खिशाचा वास लपवल्याशिवाय पाहायचे आहे.

यंदा मी एकभुक्ताचा संकल्प केलेला नाही. मधुमेहाची औषधे चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपवास करणे हा धर्म नव्हे, तो हट्ट आहे. माझ्या वयाच्या बंधूंना ही हात जोडून विनंती. मी वर्षभर दोन्ही वेळा पोटात थोडी जागा राखून उठण्याचा नियम घेतला आहे. दोन वेळा तो मोडला. पण त्या दिवशी दुसरा पेढा घेतला नाही आणि घरी जाऊन सांगितले.

न्यासाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्तांना एकच सुचवतो. उपवासांच्या यादीबरोबर एक कोरा फलकही लावावा, ज्यांचे तप मोजता येत नाही त्यांच्यासाठी. माझे नाव दोन्हींवर नको.