परदेशी शिक्षणास निघण्यापूर्वी



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील मुले-मुलीही आता उच्च शिक्षणासाठी सातासमुद्रापार जाऊ लागली आहेत. निघण्यापूर्वी घराघरांत फी, व्हिसा आणि जेवण यांची चर्चा होते. तेथून काय शिकून यावयाचे, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो.

आनंदीबाई जोशी यांनी हा प्रश्न टाळला नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाची १८ वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण केले. अमेरिकेसच का, एकटीच का, परतल्यावर समाज वाळीत टाकील काय, संकट ओढवल्यास काय, अशा सहा प्रश्नांना त्यांनी क्रमाने उत्तरे दिली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. परंतु तेथे प्रकृती खालावली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ध्येय कितीही स्पष्ट असले तरी परक्या हवेत शरीराचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, हे यातून शिकावे.

दुसरा प्रश्न आहाराचा. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना मांस, मदिरा व परस्त्रीसंग वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा दिली. प्रतिज्ञा त्यांनी पाळली; पण लंडनमध्ये शाकाहारी भोजनालय सापडेपर्यंत अर्धपोटी राहावे लागले. म्हणून नियमासोबत वरण-भात, पोळी-भाजी करण्याचे शिक्षणही मुलांना घरूनच द्यावे. मुलांनाही, बरे का!

आता आपल्या भागाकडे वळू. डॉ. अभय व डॉ. राणी बंग वर्ध्याजवळच्या खेड्यांत काम केल्यावर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकण्यास गेले. खेड्यातील प्रश्नांवर संशोधन कसे करावे, हे त्यांना शिकावयाचे होते. १९८४ साली परतून त्यांनी गडचिरोली ही कर्मभूमी निवडली. नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगाने ३९ गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रश्न इथला होता, विद्या तिथली होती.

कुरखेडा तालुक्यातील चिरचाडीचे डॉ. भास्कर हलामी यांचे बालपण मोहफुलांवर दिवस काढणाऱ्या घरात गेले. कसनसूरच्या आश्रमशाळेतून त्यांचा प्रवास मिशिगनमधील पीएच.डी.पर्यंत झाला. तेव्हा लहान गावाचा न्यूनगंड कोणी बाळगू नये.

आम्हां कापडवाल्यांना ठाऊक आहे, चांगला शिंपी शिवणीत थोडी माया ठेवतो. अंग भरले तर कपडा वाढविता येतो. पालकांनी अपेक्षांतही अशी माया ठेवावी. कर्ज काढून पाठविलेला मुलगा नापास झाला, आजारी पडला वा एकटेपणाने खचला, तर ते घरी सांगण्याची त्याला भीती वाटू नये. निघण्यापूर्वी एवढा शब्द त्याला द्यावा. विद्यार्थ्यांनीही आपण का जात आहोत, हे एका कागदावर स्वच्छ लिहून तो सोबत न्यावा.