वक्र काढण्याआधी खरेदीदार मोजा



सूक्ष्म अर्थशास्त्रावर बोलणार म्हटल्यावर आल्या आल्याच एकाने विचारलं, "सर, औंदा धानाला बोनस किती?" ते मला सांगता येणार नाही. हे शास्त्र भविष्य सांगत नाही. भाव कसा ठरतो, कोण ठरवतो आणि तो ठरताना कोणाला गप्प बसावं लागतं, एवढं मात्र ते नेमकं विचारायला शिकवतं.

बीएच्या पहिल्या वर्षाला आपण मागणीचा वक्र काढतो, पुरवठ्याचा काढतो, छेदतात तिथे समतोल किंमत. प्रत्येक नियमाला शेपूट असतं, 'इतर परिस्थिती कायम असताना'. मुलं ते गाइडमधून घोकतात आणि पाच मार्क घेऊन मोकळी होतात. माझं म्हणणं असं की खरं अर्थशास्त्र त्या शेपटातच आहे.

एक उदाहरण घेऊ. पुस्तक सांगतं, किमान मजुरी बाजारभावापेक्षा वर नेली की रोजगार घटतो. बरोबर आहे, पण मजूर लावणारे पुष्कळ असतील तरच. मजूर लावणारा एकटाच असला तर? समजा, 200 रुपये रोजाने 10 बाया येतात. अकरावी हवी तर 210 द्यावे लागतात. पण एकीला 210 दिले की सगळ्यांनाच द्यावे लागणार. म्हणजे 2,000 चा खर्च 2,310 वर गेला. अकरावी बाई 210 ला नाही, 310 ला पडली! तिचं काम 310 च्या तोलाचं नसेल, तर तो दहांवरच थांबतो. आता कायद्यानेच 210 चा दर बांधून दिला, तर अकरावी 210 लाच पडते. मजुरीही वाढली, रोजगारही वाढला. केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन बाईंनी 1933 साली अपूर्ण स्पर्धेवर ग्रंथ लिहिला, त्यात एकमेव खरेदीदाराच्या बाजाराची ही चिकित्सा आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1935 च्या ऑक्टोबरात, वर्ध्याला अखिल भारतीय चरखा संघाने ठराव केला. आठ तास नीट सूत कातणारीला निदान पोटापुरतं अन्न आणि अंगभर कापड मिळेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे. तोवर खादी स्वस्त करण्याकडे कल होता, गांधीजींनी तो उलटा फिरवला. पुढच्याच वर्षी, 1936 च्या फेब्रुवारी-मार्चात, गांधीविचाराच्या कार्यकर्त्यांच्या गांधी सेवा संघाचं संमेलन भरलं ते आपल्या सावलीत. तेव्हा आपण चांदा जिल्ह्यात होतो आणि सावली हे खादीचं केंद्र होतं.

विद्यार्थ्यांनो, इथे जरा थांबा. खेड्यातल्या कातणारीकडून सूत घेणारा चरखा संघ हा जवळपास एकमेव खरेदीदारच. मग रॉबिन्सन बाईंचं गणित इथे जसंच्या तसं लागू करायचं का? नाही. संघ नफा काढत नव्हता. मालकाच्या नफ्यातून मजुरी वाढवायची सोयच नव्हती, म्हणजे खादी महागणार हे ठरलेलं. महागली तर खपेल का, हाच तेव्हाचा वाद. तुमच्या भाषेत, मागणीची लवचिकता किती? मिलच्या कापडाशी भाव ताडून घेणारं गिऱ्हाईक सुटणार. तत्त्व म्हणून खादी नेसणारा चार आणे जास्त देऊनही घेणार. दुसऱ्या प्रकारची गिऱ्हाइकं किती, यावर कातणारीची भाकरी अवलंबून होती.

आता तेंदूपत्त्याकडे या. मे महिन्यातला पहाटेचा अंधार, बाई जंगलात. दुपारपर्यंत घरी, मग सगळं घर पानं जुळवायला बसतं. 70 पानांचं एक पुडकं. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथे, शेकड्याच्या दराने मोजणी. पान कोवळं असतं ते थोडेच दिवस, थांबून भाव वाढायची वाट पाहता येत नाही. 1969 च्या कायद्याने हा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. वनविभाग जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव करतो आणि एका घटकात ठेकेदार एकच. तोडणारे हजारो, घेणारा एक. त्या ठेकेदाराच्या नफ्यात मात्र मजुरी वाढवायला जागा असू शकते. 1935 च्या खादीत आणि यात फरक आहे तो हा.

वैनगंगेपलीकडे, धानोरा-कोरचीकडच्या पेसा गावांना, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या गावांना, पान स्वतः विकण्याचा हक्क आहे. राज्याचे पेसा नियम 2014 चे. ग्रामसभा स्वतः लिलाव पुकारते, मजुरीशिवाय रॉयल्टीही गावाला मिळते. पण हक्क मिळाला म्हणजे भाव मिळाला असं नाही. लिलावाला एकच ठेकेदार आला, किंवा चौघांनी आधीच वाटून घेतलं, तर पुन्हा तेच. म्हणून तिकडे अनेक ग्रामसभा एकत्र येऊन विक्री करू लागल्या. माल मोठा झाला की बाहेरचा व्यापारी येतो. पण एक गोष्ट ग्रामसभेच्याही हाती नाही. पानाची मागणी बिडीच्या मागणीतून येते. बिडी ओढणारा तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याकडे वळला, तर लिलाव कितीही चोख असो, दर बसणारच.

गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांसाठी झालं. मग तिथल्या पहिल्या वर्षाच्या प्रकल्पाला मुंबईच्या मॉलचं उदाहरण कशाला हवं? रोवणीच्या दिवसांत वर्गातले निम्मे बाक रिकामे असतात, तो वैकल्पिक खर्च. वर्गात बसायचं तर रोजी बुडते, आणि फीच्या पावतीवर ती कुठेही लिहिलेली नसते. आपल्या गावचा तेंदू दर, धानाचा मोंढ्यातला भाव आणि हमीभाव, चुकारे किती दिवसांनी झाले, हे वहीत उतरवा. मग वक्र काढा.

आणि वक्राखाली एक प्रश्न लिहा. विकणाऱ्याला 'या भावात देत नाही' म्हणून माल घरी परत नेता येतो का? येत असेल तर पुस्तकातली समतोल किंमत मान्य. येत नसेल, तर ती फक्त घेणाऱ्याने सांगितलेली किंमत आहे, आणि ती का मान्य करावी हे विचारण्याचा हक्क पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आहे.