पाण्याकडे जाणारी वाट
(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात केलेले भाषण)



कुम्हारीत राहूनही आपण गणेशोत्सवात महाराष्ट्राच्या थोर माणसांचे स्मरण करतो. आज मी सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या श्री. मुरलीकांत पेटकर यांच्याविषयी बोलणार आहे.

पेटकर सैन्याच्या ई.एम.ई. विभागात जवान होते आणि उत्तम मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. मुष्टियुद्ध संपले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगण्यात आले, आणि त्या उपचारातूनच एक जलतरणपटू घडला.

१९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या. पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ देऊन सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधील भारताचे हे पहिले सुवर्ण! ५० मीटर म्हणजे रेल्वेच्या दोन डब्यांहून थोडे जास्त अंतर. पाय मारता आले नाहीत की कमरेखालचे शरीर पाण्यात खाली जाते, पाण्याचा अडथळा वाढतो आणि सगळे ओझे खांद्यांवर येते. हे लक्षात घेतले म्हणजे त्या ३७ सेकंदांची किंमत कळते.

यानंतरचे पॅरालिम्पिक सुवर्ण भारताला थेट २००४ साली अथेन्समध्ये, भालाफेकपटू देवेंद्र झाझडियांनी मिळवून दिले. पेटकरांना मात्र पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर 'चंदू चॅम्पियन' चित्रपट आला आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला. पदकापासून पद्मश्रीपर्यंत ४६ वर्षे!

मित्रहो, मला यातून एकच गोष्ट सांगायची आहे. जिद्द पेटकरांची होती, मेहनतही त्यांचीच. पण त्यांना पाण्यापर्यंत नेणारे कोणीतरी होते. आपण अपंग माणसाला पाहून "बिचारा" म्हणतो, हळहळतो आणि पुढे जातो. त्या हळहळीचा त्याला काडीचा उपयोग नसतो. त्याला हवी असते वाट.

आपल्या मंडपाला तीन पायऱ्या आहेत. म्हणून चाकाच्या खुर्चीवरचा भाविक खालूनच हात जोडतो. स्टेशनवर रॅम्पसाठी आम्ही एकास बारा असा उतार धरतो. पायऱ्यांची उंची दीड फूट, म्हणजे अठरा फुटांचा उतार झाला. फळ्या आणि बल्ल्या मंडपवाल्याकडे असतातच. पुढच्या वर्षी मांडव घालताना तेवढे काम माझ्याकडे द्यावे, ही समितीला नम्र विनंती.

कोण जाणे, त्या उतारावरून वर येणाऱ्या एखाद्या मुलात उद्याचा पेटकर असेल. त्याचे गुण बक्षीस समारंभात व्यासपीठावर आल्यावरच आपल्याला दिसतील.



गणपती बाप्पा मोरया!