स्टे मागण्यापूर्वी

श्रोते हो, आमच्या वास्कोत शेजाऱ्याचे कुंपण वीतभर सरकले की माणूस सकाळीच वकिलाच्या दारात उभा. ‘वकीलबाब, स्टे घेऊन द्या.’ कागद मागितले, तर त्यातले दोन घरी कपाटात. ‘ते कोर्टाला कशाला दाखवायचे?’

अहो, दाखवायचेच!

हा स्टे, म्हणजे मनाई हुकूम, इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टात वाढला. तिथल्या जुन्या कोर्टांत शेजाऱ्याने झाडे तोडली की भरपाई मिळे; उगारलेली कुऱ्हाड थांबवायला लोक राजाच्या चॅन्सलरकडे धावत. तो सदसद्विवेकाला स्मरून हुकूम देई. मुख्य न्यायाधीश कोक यांना ते खपले नाही, पण 1616 साली राजा पहिला जेम्स याने कौल चॅन्सलरच्या बाजूने दिला. 1873 च्या कायद्याने पुढे दोन्ही कोर्टे एक झाली.

आपल्या खाजनाचेच, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताचेच बघा. कायदा हा बांध. नुसताच बांध असला तर पावसाचे पाणी आत तुंबून भात कुजते, म्हणून बांधात दाराची मानस हवी; चॅन्सलरचा हुकूम ही ती मानस. ओहोटीला तिचे दार उघडते, भरतीला मिटते. पण मासळीच्या लोभाने कोणी ते दार भरतीलाही उघडे ठेवले, तर खारे पाणी शेतात शिरते आणि वर्षे वाया जातात. कागद लपवून स्टे आणणारा नेमके हेच करतो. शेत दोघांचेही बुडते.

गोव्यात ही मानस उशिरा आली. आपल्याकडे 1867 ची पोर्तुगीज दिवाणी संहिता. तिच्यातही, कलमात उत्तर नसेल तर नैसर्गिक न्यायतत्त्वांकडे बघा, अशी सोय होती. पेडणे, डिचोली या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून जिंकलेल्या भागांतल्या, लोकांचे रीतिरिवाज 1853 सालीच वेगळ्या संहितेत उतरले होते, हिंदूंसाठी 1880 चा हुकूमनामाही निघाला. तो विषय मोठा आहे, आज राहू दे. मुक्तीनंतर भारतीय दिवाणी प्रक्रिया आली आणि 1963 चा विशिष्ट साहाय्य कायदाही. म्हणून आज भाटाचा, म्हणजे बागायतीचा, वारसा बघायचा तो पोर्तुगीज संहितेच्या परंपरेतून, आणि त्याच भाटातली आंब्याची झाडे वाचवायला हुकूम मागायचा तो चॅन्सरीच्या वळणाचा. अशी जोडणी देशात फारशी सापडायची नाही!

त्या 1963 च्या कायद्याचे कलम 41 घरी वाचा. मागणाऱ्याचे स्वतःचे वर्तन ठीक नसेल, तर कोर्ट मनाई नाकारू शकते. जमीनमालक भाटकार असो वा त्याच्या भाटात घर करून राहणारा मुंडकार. म्हणून पुन्हा सांगतो, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, जुने विक्रीखत, भावाला लिहून दिलेला कागद, तुमच्या विरुद्ध जाणारासुद्धा, आधी वकिलापुढे ठेवा. वकिलापासून लपवलेले समोरचा वकील शोधून काढतो, आणि मग आमची मान खाली.

दुसरी गोष्ट उशिराची. कुंपण हलले तेव्हा गप्प, आणि भिंत स्लॅबपर्यंत चढली की स्टे! तोवर समोरच्याचा पैसा ओतला गेलेला असतो, आणि न्यायाधीश सगळ्यात आधी विचारतात, इतके दिवस तुम्ही... बरे, स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. कागदांचे मात्र विसरू नका हां.