शिफारसपत्र आणि पाठटाचण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



गुणगौरवाच्या समारंभात वक्त्याने यशाचे चार दाखले द्यावेत आणि आशीर्वाद देऊन खाली बसावे, असा प्रघात आहे. आज तो किंचित मोडण्याची आम्हांस अनुज्ञा असावी. आम्हांला आपल्यापुढे एक कबुली द्यावयाची आहे, आणि ती एका विद्यार्थिनीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीशी निगडित आहे.

डोंबिवलीस राहणाऱ्या आपल्या एका सभासदांची कन्या बी.एड.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा असे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी तो दोन वर्षांचा झाला आणि एकंदर २० आठवडे शाळेत राहून प्रत्यक्ष काम करणे छात्राध्यापकांस आवश्यक ठरले. पैकी ४ आठवडे पहिल्या वर्षी व १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. वकिलीची सनद घेतलेल्या तरुणाने ज्येष्ठांच्या हाताखाली उमेदवारी करावी, तशीच ही शिक्षकाची उमेदवारी होय. तिच्या महाविद्यालयात शाळेचे संमतिपत्र ज्याचे त्याने आणावयाचे होते.

मे महिन्याच्या आरंभी ती आमच्या घरी आली. "काका, एखादी शाळा मिळेल का हो?" असे तिने संकोचाने विचारले. आम्ही तत्काळ मंडळाचा छापील कागद पुढे ओढला आणि परिचयातील एका शाळेस पत्र लिहून दिले. 'मुलगी आपल्यातली आहे, सांभाळून घ्यावे', एवढेच त्याचे सार. मुलगी शिकवते कशी, हे आम्ही तिला विचारले नाही. पत्रातही त्याविषयी अक्षर नव्हते. अशी पत्रे आम्ही आजवर किती दिली याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी समाजकार्य केल्याचे समाधान मानले.

शाळेने पत्र ठेवून घेतले व "जूनमध्ये पाहू" असे सांगितले. घरी आई काळजीत पडली. मुलीने मात्र रिकामे बसण्याऐवजी एक उद्योग केला. सुट्टीत कंटाळलेली इमारतीतील सात मुले गोळा केली, डब्यांत पोळीभाजी भरून घेतली आणि पहाटेच्या गाडीने अंबरनाथची वाट धरली.

उन्हे चढण्यापूर्वी ती मंडळी शिलाहारांच्या शिवमंदिरापाशी पोहोचली. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले हे मंदिर. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावे लागते आणि वर पाहावे तो आकाश दिसते. मुले तेथे आपण होऊन गप्प झाली. पुढे कल्याणास येऊन त्यांनी दुर्गाडीवरून खाडी पाहिली. शिवाजीमहाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर याच परिसरात जहाजे बांधावयास घेतली, असे तिने सांगताच चौथी उत्तीर्ण झालेल्या एका मुलाने विचारले, "ताई, समुद्र तर किती लांब आहे. मग जहाजे इथे का बांधली?"

तिला उत्तर ठाऊक नव्हते. "मला माहीत नाही रे. शोधून सांगते," असे म्हणून तिने प्रश्न वहीत टिपून घेतला.

तिसऱ्या प्रहरी सर्व ठाण्यास उतरले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुमारे ४०० प्रवाशांना घेऊन निघालेली १४ डब्यांची पहिली गाडी याच गावी येऊन थांबली आणि पुढल्या वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणास गेला, हे तिने सांगितले. एका चिमुरडीने शंका काढली, "त्याआधी कल्याणची माणसे ठाण्याला कशी येत होती?" या वेळी तिने उत्तर दिले नाही, उलट विचारले, "सकाळी दुर्गाडीवरून काय दिसले?" क्षणभर थांबून दोघीतिघे एकदम ओरडली, "होडीने!"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच ठाण्यास गेली आणि १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसली. भरतीचे पाणी खाडीतून आत येते, तेथे लाटांचा मारा नसतो, लाकूड पुरविणारी अरण्ये पाठीशी, आणि कल्याण हे तर फार पुरातन बंदर. परंतु समुद्राकडे जाणारी वाट मात्र तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यातील ठाणे-वसईच्या मुलखावरून जात होती. एवढे टिपून तिने त्या मुलाला उत्तर दिले आणि त्या एका दिवसाच्या सहलीवर तीन पाठटाचणे लिहून काढली.

ती वही घेऊन ती कल्याणातील एका शाळेत कोणाच्याही ओळखीवाचून गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी प्रथम नकारच दिला. मागील वर्षीचे छात्राध्यापक पाठांची संख्या भरताच निघून गेले होते आणि शिक्षकांना तोच भाग पुन्हा शिकवावा लागला होता. मुलीने वही पुढे ठेवली. बाईंनी ती उभ्याउभ्याच चाळली, मग खुर्चीवर बसून वाचली. 'मला माहीत नाही' ही ओळ टाचणात का लिहिली, असे त्यांनी विचारले. "तिथे मी खरोखरच अडले होते, बाई," ती म्हणाली. बाईंनी तिला आठवीची एक तुकडी दिली. अट एकच, सोळा आठवड्यांत एकही तास बुडता कामा नये.

येथे गोष्ट संपली असती तर आम्ही ती कौतुकाने सांगितली असती. कबुली देण्याचे कारण नव्हते. परंतु जूनमध्ये पहिल्या शाळेचा निरोप आला की, आपल्या पत्रास मान देऊन जागा राखून ठेवली आहे. आम्ही आनंदाने तिला कळविले. ती काही वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "काका, माझ्या वर्गातल्या मैत्रिणीने एप्रिलमध्येच तिथे अर्ज केला होता. तिला जागा नाही म्हणून सांगितले. तिच्यामागे पत्र लिहिणारे कोणी नाही."

बंधुभगिनींनो, आमच्या पत्राने त्या शाळेत नवी जागा निर्माण झाली नव्हती; रांगेतील एका मुलीला न विचारता मागे सारले गेले होते. ते आमच्याच अक्षरात झाले होते. आम्ही त्याच दिवशी शाळेस दुसरे पत्र लिहून पहिले मागे घेतले आणि अर्जांच्या क्रमाने जागा द्यावी अशी विनंती केली. ती मैत्रीण तेथे रुजू झाली, हे सांगताना आम्हांस आज समाधान वाटते. पण पहिल्या पत्राची लाज त्याने पुसली जात नाही.

याच कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेत्या झाल्या. स्वकीयांची शिफारस त्यांच्या वाट्यास आली नाही, विरोध मात्र पुष्कळ आला. आपली ज्ञातिमंडळे निघाली ती अशा मुलामुलींना शिक्षणाचा मार्ग मोकळा करावा म्हणून. दुसऱ्याची वाट अडवून आपल्याची मोकळी करणे हा त्या कार्याचा विपर्यास होय.

म्हणून मंडळाच्या शिक्षण समितीपुढे आमची सूचना अशी आहे. शिफारसपत्रे यापुढे बंद करावीत. त्याऐवजी ठाणे ते कल्याण टापूतील कोणत्या शाळा छात्राध्यापक घेतात व त्यांच्या अटी काय, याची यादी करून ती मागेल त्याला द्यावी, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो. रेल्वेचा पास आणि ग्रंथालयाची वर्गणी यांसाठी गरजूंना साहाय्य द्यावे. आणि पालकांनो, सुट्टीत मुलगी चार मुले घेऊन बाहेर पडू म्हणाली, तर 'ऊन आहे' म्हणून तिला अडवू नका. डबा बांधून द्या.

त्या मुलीचे नाव आम्ही मुद्दाम घेतलेले नाही. तशी तिचीच इच्छा आहे. ती आज समारंभास आलेली नाही. उद्या तिचा आठवीवर पाठ आहे आणि टाचण अद्याप पुरे व्हावयाचे आहे, असा तिचा निरोप आहे.