तुर्फान : वाळवंटाखालून वाहणारे पाणी
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. इतिहास हा माझा प्रांत नव्हे. पण रुळाखालचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे पाहणे, हाच आमचा रोजचा धंदा. म्हणून चीनच्या शिनजियांग प्रांतातील तुर्फान या शहराविषयी वाचू लागलो आणि त्यात गुंतून गेलो.

तुर्फान एका खोलगट खोऱ्यात वसले आहे. तिथले आयदिंग सरोवर समुद्रसपाटीच्या 154 मीटर खाली आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम 16 मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडची वळवाची एक सर! जुलै 2023 मध्ये या खोऱ्यातील सानबाओ येथे 52.2 अंश तापमान नोंदले गेले. तरीही तिथे दूरवर द्राक्षबागा पसरल्या आहेत. हे कसे साधले?

उत्तरेला तिएनशान पर्वत आहे. त्यावरचे बर्फ वितळते आणि पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरते. ते उघड्या पाटाने आणावे तर वाटेतच आटेल. म्हणून लोकांनी ते भुयारातून आणले. या रचनेला 'कारेझ' म्हणतात. पायथ्यापासून गावापर्यंत ओळीने विहिरी खणायच्या आणि त्यांचे तळ बोगद्याने जोडायचे. डोंगराकडच्या विहिरी शंभर फुटांहूनही खोल, गावाकडच्या उथळ. शेवटी पाणी आपोआप उजेडात येते. ना मोट, ना पंप. सगळे काम उताराचे. उतार जास्त झाला तर बोगदा खचतो, कमी झाला तर गाळ साचतो. लेव्हलिंगचे यंत्र नसताना कारागीर पाठीमागे तेलाचा दिवा ठेवत आणि समोर पडलेल्या स्वतःच्या सावलीच्या दिशेने खणत जात. लाइन सरळ राखण्याची ही युक्ती वाचून मी मनोमन हात जोडले.

कारेझ तिथे केव्हा आले यावर जाणकारांत एकमत नाही. वस्ती मात्र फार जुनी. दोन नद्यांच्या मधल्या उंच पठारावर, जमीन वरून खाली कोरून केलेले जियाओहे शहर आणि शेजारचे गाओचांग यांचे अवशेष 2014 पासून जागतिक वारशात आहेत. इसवी सन 630 च्या सुमारास भारताकडे निघालेला ह्युएन त्संग गाओचांगला थांबला. राजा त्याला सोडेना, तेव्हा त्याने अन्नत्याग केला आणि वाट मोकळी करून घेतली. तोच पुढे पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन संशोधकांना याच खोऱ्यात संस्कृत हस्तलिखितांचे तुकडे मिळाले.

1839 मध्ये कँटनला इंग्रजांची अफू नष्ट करणारा लिन झेश्यू हा अधिकारी पुढे शिनजियांगात हद्दपार झाला. 1845 मध्ये त्याने तुर्फानचे कारेझ पाहिले आणि त्यांच्या प्रसाराचा आग्रह धरला.

तिथला वारा भयंकर. फेब्रुवारी 2007 मध्ये तुर्फानजवळ त्याने धावती गाडी उलटवली. त्यात माणसे दगावली. पण त्याच कोरड्या वाऱ्यावर शेतकऱ्यांनी उद्योग उभारला. भोके ठेवून रचलेल्या मातीच्या विटांच्या खोल्यांत ते द्राक्षांचे घड टांगतात. सावलीत सुकलेला बेदाणा हिरवट राहतो. आपल्या तासगावच्या बेदाणा शेडची आठवण यावी! थंडीत मात्र वेली मातीखाली पुरून जगवाव्या लागतात.

हे शेतकरी प्रामुख्याने उइगुर. त्यांच्या मुकाम गायनाला, ज्यात तुर्फानचा मुकामही येतो, 2005 मध्ये युनेस्कोने गौरवले. मात्र 2017 पासूनच्या धरपकडीने आणि निर्बंधांनी या समाजाचे जीवन फार अवघड झाले आहे.

आणि कारेझ? 1950 च्या दशकात बाराशेच्या आसपास होते. आता वाहते दोन-तीनशेच्या घरात. मित्रहो, कारेझ डोंगर देईल तेवढेच पाणी घेतो. पंप हवे तेवढे उपसतो. कूपनलिका वाढल्या, भूजल खाली गेले आणि बोगदे कोरडे पडले. शिवाय दरवर्षी आत उतरून गाळ काढणारे हातही कमी झाले. आमच्या गँगमनसारखेच हे काम. नीट झाले तर कुणाच्या लक्षात येत नाही, थांबले की सगळे थांबते.

ही विद्या आपल्यालाही परकी नाही. भुसावळ-खांडवा लाइनवरच्या बुऱ्हाणपूरला 1615 चा कुंडी भंडारा आहे. सातपुड्याचे पाणी शंभराच्या आसपास कुंड्यांखालून शहरात येई. मलिक अंबरची नहर-ए-अंबरी त्याच काळातली.

शेवटी एकच विनंती. आपल्या कॉलनीतल्या जुन्या विहिरीत यंदा निर्माल्य टाकू नये आणि विसर्जनानंतरच्या रविवारी गाळ काढायला यावे. घमेली-फावडी मी आणतो. हात आपण आणा.

गणपती बाप्पा मोरया!