प्रसंग रंगतो कशाने?

कथेत नाट्य आणायचं तर खून, अपघात किंवा आरडाओरडा हवाच, असा एक समज आहे. चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी तो समज खोटा ठरवते. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीतला एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरी मिळत नाही आणि शेती साथ देत नाही. बायको, भाऊ, आईवडील, प्रत्येकाची अपेक्षा वेगळी आणि प्रत्येकाची बाजू पटणारी. म्हणूनच घरातलं साधं बोलणंही पेट घेतं. नाट्य घटनेच्या आकारात नसतं, ते माणसांच्या कोंडीत असतं.

कुणी म्हणेल, वाचकाला वेग हवा असतो. हवाच; पण वेग घटनांच्या गर्दीतून येत नाही, ‘आता याचं काय होईल’ या काळजीतून येतो. वि. वा. शिरवाडकरांच्या १९७० सालच्या ‘नटसम्राट’ या नाटकात बापावर चोरीचा आळ येतो. तिथे रक्कम महत्त्वाची नाही. आळ पोटच्या मुलीच्या घरात येतो, म्हणून प्रेक्षक हादरतो. तेव्हा प्रसंग लिहिण्याआधी ठरवा: कुणाला काय हवं आहे आणि कोण काय गमावणार आहे? प्रस्तावना गाळून थेट ठिणगीपाशी सुरुवात करा. राग आला असं सांगू नका, ताट सरकवणारा हात दाखवा. आणि सगळं उलगडण्याआधी थांबा. उरलेलं वाचकाच्या मनात घडू द्या.